स्पीडोमीटरवर २२०, पण गाडी १७० लाच का अडते?

आजचा विषय तुमच्या दारातल्या गाडीचाच आहे. गाड्यांबद्दल बोलताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "स्पीडोमीटरवर २२० पर्यंत आकडे आहेत, मग गाडी तेवढी पळते का?" लगेच दुसरा येतो: "पळत नसेल, तर तिला नेमकं अडवतं कोण?"

बहुतेकांचा अंदाज असतो, वजन. गाडी जड म्हणून हळू. हे उत्तर चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे हे कळलं की गाडी चालवण्याची आपली पद्धतही थोडी बदलते.

सपाट रस्त्यावर गाडीला मागे खेचणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. पहिली, टायरचा विरोध. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्यात शक्ती खर्च होते. हा विरोध वजनावर अवलंबून असतो, पण वेग वाढला तरी तो फारसा वाढत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हवा. हवा डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण तिला हिशेबात धरत नाही. पण समोरून वारा असताना सायकल चालवली असेल, तर ती किती जड असते हे तुमच्या मांड्यांना माहीत आहे.

हवेचा एक नियम आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आता ढकलायचं चौपट जोराने आणि तेही दुप्पट वेगाने, म्हणून हवा कापायला लागणारी शक्ती आठपट होते. आजच्या सगळ्या गप्पांची किल्ली या 'आठपट'मध्ये आहे.

आकडे घालून पाहू. आपली नेहमीची पेट्रोल हॅचबॅक घ्या. १२०० सीसीचं इंजिन, साधारण ८२ हॉर्सपॉवर, माणसं धरून वजन ११०० किलो. समोरून पाहिलं तर तिचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त. मी या गाडीचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा असं चित्र आलं: ताशी ६० किलोमीटरला चाकांपाशी साडेपाच हॉर्सपॉवर पुरतात. हो, फक्त साडेपाच. १०० ला लागतात १७, १२० ला २७, १६० ला जवळपास ६० आणि १७० ला ७० च्या आसपास.

इंजिनचे ८२ हॉर्सपॉवर पूर्णपणे चाकांपर्यंत पोहोचत नाहीत. गिअरबॉक्स, बेअरिंग वगैरे वाटेत आपला वाटा घेतात. चाकांना मिळतात साधारण ७०. म्हणजे १७० च्या आसपास जमा आणि खर्च सारखे होतात. ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबलेला असला तरी वेग वाढवायला शिल्लक काही उरत नाही. हा गाडीचा कमाल वेग.

मग २२० गाठायचे असतील तर? त्याच गाडीला १४० हून जास्त हॉर्सपॉवर लागतील. इंजिनची ताकद दुप्पट केली तर कमाल वेग कसाबसा सव्वापट होतो. स्पीडोमीटरवर २२० छापलेले असतात कारण तीच तबकडी मोठ्या इंजिनच्या गाडीतही बसवता येते, आणि रोजच्या वेगाला काटा मधोमध राहिला तर पटकन वाचता येतो. त्या आकड्याला वचन समजू नका.

आता वजनाचं पाहू. याच गाडीत आणखी चार जण आणि सामान मिळून २८० किलो भरा. टायरचा विरोध थोडा वाढेल, पण १७० च्या वेगात फरक पडेल जेमतेम एक-दोन किलोमीटरचा. वजन त्रास देतं ते वेग घेताना, ब्रेक लावताना आणि चढावर. शंभर मीटरला तीन मीटर चढणारा साधा चढ असला, तरी या गाडीवर १०० च्या वेगाला हवेचा जेवढा विरोध असतो, तेवढं जादा ओझं येतं. म्हणून घाटात भरलेली गाडी रडते आणि सपाटीवर विसरून जाते.

इथे एक गंमत सांगतो. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने ७० टक्केच दाट. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनला श्वास कमी मिळतो, म्हणून ताकद सुमारे तीस टक्के घटते. पण समोरची हवाही तेवढीच विरळ झालेली असते! त्यामुळे सपाट रस्त्यावरचा कमाल वेग तुमच्या अंदाजापेक्षा खूपच कमी घटतो. चढावर मात्र गाडी दमते, कारण वजन काही विरळ होत नाही.

तिसरा खेळाडू म्हणजे गिअर. इंजिन आपली पूर्ण ताकद एका ठरावीक फेऱ्यांवरच देतं, छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण मिनिटाला ६००० फेऱ्यांना. पाचवा गिअर पुष्कळदा पेट्रोल वाचवण्यासाठी 'लांब' ठेवलेला असतो. त्यात इंजिन निवांत फिरतं, पण पूर्ण ताकद देत नाही. म्हणूनच काही गाड्या आपला कमाल वेग पाचव्यात नाही, चौथ्या गिअरमध्ये गाठतात.

शिवाय काही वेळा वेग हवेने नाही, तर कंपनीनेच अडवलेला असतो. २००९ मध्ये बाजारात आलेल्या टाटा नॅनोचं इंजिन ६२४ सीसीचं होतं आणि जाहीर केलेला कमाल वेग होता ताशी १०५. आजच्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांचा वेगही सॉफ्टवेअरने बांधलेला असतो. मोटरमध्ये आणखी दम असतो, पण वाढत्या वेगात हवा बॅटरी झपाट्याने रिकामी करते.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी १७० जाऊ शकते, हे इंजिन आणि हवा यांनी मिळून ठरवलं. १७० वरून ती सुखरूप थांबेल का, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. ते ठरवतात टायर, ब्रेक, रस्ता आणि तुमचे डोळे.

कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण ब्रेक दाबला तर ६० वरून गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. १२० वरून लागतात ८० मीटर, १६० वरून १४०. त्यात पाय ब्रेकवर जायला लागणारा एक सेकंद मिळवा. १२० ला त्या एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. रात्री खालच्या दिव्यांचा उजेड किती लांब पडतो, ते स्वतः पाहा आणि त्याच्याशी हा आकडा ताडून बघा.

भारत एनकॅपचे स्टार पाहून आपण गाडी घेतो, छानच आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत गाडी दबणाऱ्या अडथळ्यावर समोरून आदळवतात ती ताशी ६४ किलोमीटरने. १२० च्या वेगात गाडीत त्याच्या साडेतीनपट ऊर्जा असते आणि १७० ला सातपट. पाच स्टार मिळाले ते ६४ च्या धडकेसाठी. सातपट धडकेबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

म्हणून १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये तो 'टिंग टिंग' आवाज आहे. ८० च्या वर अधूनमधून, १२० च्या वर सतत. पुष्कळजण तो बंद कसा करायचा हे विचारतात. माझं ऐकाल तर राहू द्या. समृद्धी महामार्गावर कारची कमाल मर्यादाही १२० च आहे.

आणि जाता जाता टायरचं. टायरच्या बाजूला आकड्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. 'एस' म्हणजे १८०, 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१० पर्यंतचा वेग. पण हे धडधाकट टायरसाठी, त्यात हवा बरोबर असताना. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना 'हवा थोडी कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल' असा सल्ला सर्रास मिळतो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि फुटण्याची भीती वाढते. ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर आकडा दिलेला असतो. टायर थंड असताना तेवढीच हवा भरा.

शेवटी वेळेचाही हिशेब करू. नागपूरहून निघून समृद्धीचे ७०१ किलोमीटर सलग १०० ने कापले तर सात तास, १२० ने कापले तर पाच तास पन्नास मिनिटं. या सत्तर मिनिटांसाठी आपली हॅचबॅक प्रत्येक किलोमीटरला हवेशी आणि रस्त्याशी सुमारे तीस टक्के जास्त झुंजते. पेट्रोलचं बिल कोण भरतं ते तुम्हाला माहीतच आहे. गाडीत मिलेजचा चालू आकडा दिसत असेल, तर पुढच्या प्रवासात मोकळ्या, सपाट रस्त्यावर दहा मिनिटं ८० ने आणि दहा मिनिटं १०० ने जाऊन बघा. आकड्यावर नजर शेजारी बसलेल्याने ठेवायची, चालवणाऱ्याने नाही.