पंख्याला उजेडाची जोड

संगणकाचा पंखा दिव्यांनी सजवावा असं मुलांना वाटतं. हौस चांगली, पण आधी हिशेब हवा. या पंख्याला साधारणतः १२ व्होल्टचा दाब मिळतो, निळ्या एलईडी दिव्याला सुमारे ३ पुरतात. उरलेले ९ व्होल्ट रोधकाने सोसायचे. २० मिलिअँपिअर प्रवाहाला ४५० ओहम लागतात; बाजारात ४७० चा मिळतो, तो घ्यावा. रोधक विसरलात, तर दिवा जळालाच म्हणून समजा!

दिवा चौकटीच्या कोपऱ्यात बसवून प्रकाशतंतू कडेने न्यावेत. तंतूत वीज नसते. उजेड आतल्या आत परावर्तित होत टोकाशी बाहेर पडतो. मात्र एकही तंतू पात्यांत येता कामा नये. पंखा अडला की यंत्र तापतं. आधी वारा, मग शोभा.