घोळणा फुटला, तर मान वर नको

वैशाखात यवतमाळचा पारा पंचेचाळिशीकडे सरकला की एखाद्या पोराचा घोळणा फुटतोच. मग ठरलेली धावपळ: डोक्यावर गार पाणी, नाकाशी फोडलेला कांदा आणि आजीचा हुकूम, ‘मान वर कर!’ पाणी-कांद्याने फारसं बिघडत नाही, हुकूम मात्र चुकीचा. मान वर केल्याने रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. ते घशातून पोटात उतरतं आणि पोर ओकतं.

उष्णता डोक्यात चढते वगैरे काही नाही. विदर्भातली कोरडी हवा नाकाची अंतस्त्वचा सुकवते, ती तडकते, खपली धरते आणि पोराचं नख तिथे जातं. नाकाच्या पडद्यावर पुढच्या बाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये त्याचं वर्णन केलं. सुमारे ९० टक्के घोळणे पुढच्या भागातलेच, म्हणजे चिमटीत सापडणारे. मान किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग, हाड नव्हे, सलग दहा मिनिटं दाबायचा. आपण दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून बोट काढतो आणि धरू लागलेली गुठळी सुटते.

तरी थांबलं नाही तर डॉक्टर वाहिन्या आकसवणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब घालतात. फुटलेली जागा दिसली, तर सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवून ती डागतात. नाहीच जमलं तर पॅक. मलमात भिजवलेली गॉजची लांब पट्टी चिमट्याने नाकाच्या तळापासून वर, घडीवर घडी घालत ठासायची. रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी येतं. पुढचे एक-दोन दिवस श्वास तोंडाने, आणि काढतानाही ठणका.

हा त्रास टळावा म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडकडे डोळे लागले. पाळीच्या अतिरक्तस्रावावर याच्या गोळ्या देतात. इथे इंजेक्शनच्या द्रवात भिजवलेला बोळा नाकात. २०१३ मध्ये इराणमधल्या २१६ रुग्णांच्या चाचणीत दहा मिनिटांत रक्त थांबलेले ७१ टक्के, पॅकने ३१ टक्के. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ४९६ रुग्णांवर मात्र ते निर्जंतुक पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही. तिथे दाबून आणि थेंब घालूनही न थांबलेलेच रुग्ण घेतले होते. फरक बहुधा त्यातच असावा. पॅकचा ट्रे इतक्यात अडगळीत जाणार नाही.

वयस्कांत कधी रक्त मागच्या भागातून येतं, थेट घशात उतरतं. तिथे चिमटी पोहोचत नाही. लघवीसाठीची फोलीची नळी नाकातून घालून तिचा फुगा मागे फुगवतात. अशा वेळी उमरखेडहून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं पाकीट खिशात टाकून निघावं. डॉक्टर त्याबद्दल विचारणारच.