शेंगदाण्याची गिरणी आणि बोलणारी गाडी



कपाशीची वेचणी जोरात आली की अमळनेरच्या रस्त्यांवर दिवस मावळल्यानंतरही ट्रॉल्यांची ये-जा थांबत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावची सभा आटोपून मी रात्री मोटारसायकलवर घरी निघालो होतो. वाटेत पंक्चर झालेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, वर काळी ताडपत्री. अगदी जवळ गेल्यावर ती दिसली. गाडी कडेच्या चारीत घातली म्हणून वाचलो. गुडघा मात्र थंडीत अजून ठणकतो. ट्रॉलीवाला धावत आला आणि म्हणाला, "साहेब, तुमना दिवा माले दिसना व्हता, पन तुमले सांगू कसं?"

त्याने विचारलेला हाच प्रश्न आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत सोडवला जात आहे. एका गाडीने दुसरीला आपला ठावठिकाणा कसा सांगावा? आणि हे काम करणाऱ्या एका कंपनीचे मूळ आपल्या अमळनेरात आहे.

१९४५ च्या डिसेंबरात महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. आपल्या भागातला भुईमूग, त्याचे तेल आणि त्या तेलाचे वनस्पती तूप, हा तिचा धंदा. पुढे कपडे धुण्याचा ७८७ साबणही निघू लागला. १९६६ साली वडील वारले, तेव्हा एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले आणि त्यांनी कारभार हाती घेतला. १९८० च्या सुमारास कंपनी संगणकाकडे वळली. तीच आजची विप्रो. अमळनेरच्या ज्या घरांनी त्या काळी तिचे शेअर घेतले आणि जपून ठेवले, त्यांच्या गोष्टी तुम्ही पारावर ऐकल्याच असतील.

२०१९ साली या विप्रोने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर एक संशोधन केंद्र सुरू केले. तेथील विषय आहेत आपोआप चालणारी वाहने, यंत्रमानव, फाइव्ह-जी आणि गाड्यांचे आपसातले बोलणे. त्यातूनच एक विनाचालक मोटार तयार झाली आणि २०२५ साली बंगळूरच्या आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयात ती लोकांनी पाहिली.

गाडी बोलते म्हणजे काय? तिच्यात एक छोटे बिनतारी यंत्र बसवलेले असते. 'मी अमुक जागी आहे, माझा वेग इतका आहे' असा निरोप ते सेकंदाला सुमारे दहा वेळा आजूबाजूच्या वाहनांना देते. हा निरोप काहीशे मीटरपर्यंत पोचतो. एका गाडीचा दुसरीला थेट निरोप असेल तर मधे टॉवरही लागत नाही. वळण असो, धुके असो की उसाचे उभे पीक आड असो, निरोप बराचसा पोचतो. डोळ्याला तसे जमत नाही.

वेळेचा हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. माणसाने धोका पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत एवढा एक सेकंद सहज जातो. निरोपाला सेकंदाचा विसावा भाग लागला, तर तेवढ्यात गाडी एक मीटरही सरकत नाही. फाइव्ह-जी मध्ये हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत खाली आणायचे ध्येय आहे. तेवढ्यात गाडी दोन बोटेही पुढे जाणार नाही. आपल्या देशात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले, आणि २०३० च्या सुमारास येऊ घातलेल्या सिक्स-जीचा आराखडा सरकारने मार्च २०२३ मध्ये मांडला.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, याचा आम्हाला काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. नव्या मोटारी एकमेकींशी बोलतील, पण आपली जुनी ट्रॉली, बैलगाडी आणि रस्ता ओलांडणारी म्हैस मुकीच राहणार. म्हणून संशोधकांना माझे सांगणे आहे, की तुमच्या गाडीला शहरातला गुळगुळीत रस्ता शिकवून भागणार नाही. तिला आमचा वेचणीच्या हंगामातला रात्रीचा रस्ताही शिकवा. आणि ट्रॉलीवर बसवायचे यंत्र लहान शेतकऱ्याच्या खिशाला परवडेल असे करा.

तोवर आपले काम आपण करू. ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी रेडियमची पट्टी लावा. ताडपत्री तिच्यावर येऊ देऊ नका. मागचा दिवा निघण्यापूर्वी तपासा. पंक्चर झाली तर ट्रॉली शक्य तितकी कडेला घ्या आणि मागे पन्नास पावलांवर परावर्तक त्रिकोण ठेवा. बैलगाडीच्या मागेही पट्टी लावा. खर्च फारसा नाही, काम अर्ध्या तासाचे.

अंधारात समोरच्याला 'मी येथे आहे' एवढे सांगणे, हेच त्या साऱ्या संशोधनाचे सार आहे. ते आपल्याला आज रात्रीपासून करता येते. हा अंक खाली ठेवलात की आधी ट्रॉलीची मागची बाजू पाहून या.