बोडक्या बाहुल्याचे पागोटे

खेळण्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत एक वाद पुष्कळ वर्षे चालू आहे. बाहुल्याची टोपी काढली असता खाली केस दिसावेत की टक्कल? प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. पण वस्तुतः तो तसा नाही.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७८ साली जी चार सेंटिमीटर उंचीची प्लॅस्टिकची माणसे बाजारात आणली, त्यांच्यामुळे हा वाद विशेष रंगला. ही माणसे जन्मतःच बोडकी. माथ्यावर एक बुटकी खुंटी आणि तीवर केस, टोपी वा शिरस्त्राण यांपैकी एकच काय ते बसावयाचे. १९८९ पर्यंत तर साऱ्यांचा चेहराही एकच होता: दोन ठिपके आणि एक स्मित. पोलीस कोण आणि बंबवाला कोण, हे अंगावरील चित्रावरून व डोक्यावरील वस्तूवरूनच ओळखावे लागे. कित्येक संग्राहकांना टोपीखालचा तो उघडा माथा विद्रूप वाटतो व ते केसांचा निराळा तुकडा शोधून आणतात. इतरांच्या मते टक्कल हेच त्या बाहुल्याचे खरे रूप होय.

महाराष्ट्रीयाने या वादास हसण्याचे कारण नाही. पेशवाईतील गृहस्थ पगडी उतरवीत असे तेव्हा खाली शेंडी राखून तासलेला माथाच दिसे. शिवाय पगडी ही पगडबंदाने एकदा बांधून दिली की टोपीसारखी चढवावयाची व उतरवावयाची वस्तू. ज्या पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच जातीची. पेशवाईतील पुरुषाच्या बाहुल्यास टकला माथा व सुटी पगडी दिली, तर ती इतिहासाला धरूनच होईल. पागोट्याचे तसे नाही. ते रोज नव्याने बांधावयाचे. पीळ व शेव दोन दिवस सारखे पडणे कठीण. साच्यातून काढलेल्या बाहुल्याला पगडी शोभते, पागोटे शोभत नाही, याचे कारण हेच असावे.

तान्ह्या बाळाची बाहुली मात्र टकलीच बरी. सेल्युलॉइडच्या, पुढे प्लॅस्टिकच्या अशा बाहुल्यांचे केस नुसते रंगविलेले असत, आणि उरलेल्या चिंध्यांची कुंची शिवून ती उणीव घरोघर भरून निघे.

मंठ्याकडे या दृष्टीने पाहिले तर प्रश्न अधिक गंभीर होतो. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीत काळ्या गोंड्याची रुमी टोपी, शिवारात पागोटे वा मुंडासे आणि चळवळीबरोबर आलेली गांधी टोपी, एवढी विविधता त्या काळच्या डोक्यांवर होती. (तुर्कस्तानने ती रुमी टोपी १९२५ मध्येच कायद्याने बंद केली होती, निजामाच्या राज्यात ती पुढेही टिकली.) आज डोकी बहुधा उघडीच असतात. खेळण्यांच्या बाजारात पाहावे, तर साच्यातील मावळा असो की शेतकरी, सर्वांना एकच भगवा फेटा. त्यात ना गावाचा फरक, ना व्यवसायाचा. हाताने घडविलेल्या मातीच्या बाहुल्यात आधी बोडका गोळा करावा लागतो आणि त्यावर मातीची वळी गुंडाळीत पागोटे चढवावे लागते. म्हणजे खरे पागोटे बांधण्याचीच ती कृती. ही कृती येणारे हात थांबले, की ती कशी होती हे दाखविण्यास बाहुलाच उरणार.

पण तो उरतो कोठे? दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेला व १९७५ मध्ये राज्य शासनास दिलेला पुण्यातील संग्रह अडकित्ते व दिवे यांसाठी प्रसिद्ध आहे. घरगुती वस्तूसही संग्रहालयात मानाची जागा असू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. तालुक्याच्या गावातील मातीच्या बाहुल्याला मात्र ती जागा सहसा मिळत नाही. सण संपला की तो पाण्यात जातो किंवा पोरांच्या हातून फुटतो. शाळेच्या कपाटात अशा दोन-चार बाहुल्या, गाव, साल व घडविणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. ठेवताना धडधाकट तेवढीच निवडण्याचा मोह आवरला पाहिजे. पागोट्याचा टवका उडालेला बाहुला संग्राहकांच्या बाजारात कवडीमोल ठरतो. पण वळी कोठून सुरू झाली आणि खालचा माथा कसा होता, हे त्याच्यावरूनच कळते.