सायकलला कार्बनचा पार्ट बसवताय? पाना कच्चून आवळू नका

गिअरच्या सायकली घेतलेल्या पोरांना आता कार्बनच्या पार्टचा नाद लागलाय. फ्रेम लोखंडाची नाहीतर अॅल्युमिनियमची आणि तिच्यावर ऑनलाइन मागवलेली कार्बनची सीटपोस्ट किंवा हँडल. वजन कमी होतं, खडीच्या रस्त्यावर हादरेही थोडे कमी लागतात. पार्ट चांगला असला तरी घात होतो तो बसवताना. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट पान्यावर उभं राहून आवळणाऱ्या हाताला ‘अजून थोडं’ची सवय असते. कार्बनला ते चालत नाही.

कार्बनचा पार्ट म्हणजे कार्बनच्या बारीक धाग्यांचे थर रेझिनमध्ये घट्ट बसवलेले. धाग्याच्या दिशेने ओढलं तर दणकट, पण बाहेरून एका जागी दाबलं की आतले थर चिरतात. लोखंडाची नळी बहुतेकदा आधी वाकते, म्हणजे सांगून जाते. कार्बन सांगत नाही. आवळताना पडलेली केसाएवढी चीर रंगाखाली दडून राहते आणि कधीतरी उतारावर हँडल मोडून हातात येतं. दात पडायला तेवढं पुरतं.

म्हणून आधी माप बघा. सीटपोस्टवर २७.२, ३०.९, ३१.६ असा आकडा असतो, तो मिलिमीटरमधला व्यास. फ्रेमलाही तेच माप लागतं. सैल बसतेय म्हणून डब्याचा पत्रा कापून आत घालणं हा आपल्याकडचा जुना जुगाड, तो इथे अजिबात नको. फ्रेमच्या नळीत आतून बोट फिरवण्याआधी चिंधी फिरवा. धागा अडकला तर तिथे धार आहे. ती पॉलिश पेपरने घासून कीस पुसून काढा, नाहीतर कार्बनवर ओरखडा उठतो. सीटपोस्टवर कमीत कमी किती आत जावी याची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये.

साधं ग्रीस लावू नका. ग्रीसने नळी घसरते, घसरली की माणूस आणखी आवळतो. कार्बनसाठी वेगळी पेस्ट मिळते, तिच्यात वाळूसारखे बारीक कण असतात. ते पकड धरतात, त्यामुळे कमी आवळूनही भागतं. दुसरं असं की कार्बनमधून वीज वाहते. अॅल्युमिनियम त्याला चिकटलेलं असलं आणि मध्ये घामाचं किंवा पावसाचं पाणी गेलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. बॅटरीच्या टर्मिनलवर चढते तशी पांढरी भुकटी दिसते आणि नळी अशी धरते की हातोड्यालाही दाद देत नाही. पावसाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी सीटपोस्ट काढून, पुसून, नवी पेस्ट लावून बसवलेली बरी.

आता आवळणं. पार्टवर न्यूटन मीटरमध्ये मर्यादा छापलेली असते, बहुतेक वेळा ४ ते ६ च्या दरम्यान. पार्टवर एक आणि क्लॅम्पवर दुसरा आकडा असेल तर लहान आकडा धरा. ५ न्यूटन मीटर म्हणजे किती? बोल्टच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर साधारण ५ किलोचा ओढा. यासाठी टॉर्क पाना मिळतो आणि हँडल फुटण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. तो नसेल तर लांब दांड्याच्या अॅलन कीला बरोबर १० सेंटिमीटरवर ताणकाटा अडकवून, काटकोनात, सावकाश ओढा. हा अंदाज आहे, त्यामुळे ४ किलोवरच थांबलेलं चांगलं. एवढ्यावर नळी फिरत असेल तर पेस्ट आणि माप पुन्हा तपासा, जोर वाढवू नका.

हँडल धरणाऱ्या स्टेमला चार बोल्ट असतात. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा. वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे, फक्त कंपनीने एका बाजूची फट बंद करायला सांगितलं असेल तर तसं करा. ब्रेकचे लिव्हर जरा हलके ठेवले तर सायकल पडल्यावर ते फिरतात, हँडलमध्ये रुतत नाहीत.

चिमटा कार्बनचा असेल तर घरी हात घालू नका. धातूच्या चिमट्यात ठोकतात तो तारेचा नट कार्बनच्या नळीत ठोकला की ती आतून ओरबाडली जाते. तिथे आतून फुगून बसणारा प्लग लागतो.

जुनी, पडलेली सायकल कार्बनच्या पार्टसकट स्वस्तात मिळत असेल तर पार्ट पुसून उन्हात फिरवून बघा. मग रुपयाच्या नाण्याने हळू टिचक्या मारत जा. सगळीकडे टणक आवाज येतो आणि एका जागी भद्द वाजलं, तर तो पार्ट घेऊ नका. पण आवाज चांगला आला म्हणून पार्ट धड आहे असंही समजू नका. हँडल तरी नवंच घ्या.