परभाषेची मोजपट्टी : हिंगोली परिसराचा मागोवा

प्रौढ वयात परक्या प्रदेशात आलेल्या माणसाला तेथील भाषा कितपत येते, हे ठरवण्यासाठी कॅनडाने 1996 मध्ये आपले राष्ट्रीय भाषा-मानदंड प्रसिद्ध केले; परंतु येणाऱ्याच्या परभाषेला मोजपट्टी लावण्याची रीत हिंगोलीसारख्या मराठवाड्यातील गावाला त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित होती.

निजामाच्या मुलखातील हिंगोली हे 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचे ठाणे होते. हिंदुस्थानात रुजू होणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना त्या काळी हिंदुस्थानी भाषेच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन परीक्षा असत, कारण हाताखालच्या शिपायांशी बोलता आल्यावाचून हुकमत चालत नसे. याच काळात पारडे फिरू लागले. 1884 च्या सुमारास हैदराबाद संस्थानात फारसीची जागा उर्दूने घेतली, 1918 मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि जो शेतकरी वा व्यापारी कुठूनही आलेला नव्हता, त्याच्याच मुलाला सरकारी नोकरीसाठी परभाषेतील प्रावीण्य दाखवावे लागले. स्थलांतर न करताही माणूस भाषेपुरता उपरा होऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे अवघड आहे.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 नंतर मराठी राज्यकारभाराची भाषा झाली, तेव्हा हीच मोजपट्टी उलट दिशेने लागली. महाराष्ट्र शासनाच्या 1987 च्या मराठी भाषा परीक्षा नियमांनी अमराठी शासकीय कर्मचाऱ्यांसाठी निम्नस्तर व उच्चस्तर अशा दोन पायऱ्या ठेवल्या. भाषा संचालनालयामार्फत होणाऱ्या या परीक्षा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील कार्यालयांनाही लागू आहेत.

कॅनडाचा मानदंड मात्र वेगळ्या प्रश्नापासून सुरू होतो. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही चार कौशल्ये तो स्वतंत्रपणे तपासतो, प्रत्येकाच्या बारा पातळ्या मानतो, आणि प्रत्येक पातळीवर माणूस त्या भाषेत कोणते व्यवहार पार पाडू शकतो, उदाहरणार्थ डॉक्टरांना दुखणे सांगणे किंवा अर्ज भरणे, याचे वर्णन करतो. तेथे नागरिकत्व मागणाऱ्या 18 ते 54 वयाच्या व्यक्तीला ऐकण्या-बोलण्यात चौथी पातळी गाठावी लागते, आणि तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्याच नियमाने मोजली जातात. माणसाला कोणत्या कौशल्यात मदत हवी, हेही अशा मापनातून शिक्षकाला कळते, आणि हाच त्याचा खरा मोठेपणा आहे.

हिंगोलीत परीक्षा नेहमी खुर्चीवर बसणाऱ्याची झाली. सेनगाव वा औंढा नागनाथ परिसरातील तांड्यावर घरात गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा स्त्रीला बाजारात, दवाखान्यात आणि तहसील कचेरीत मराठी लागते, पण ती दुसरी भाषा म्हणून तिला किती येते, याचे मापन या परीक्षांनी कधी मांडले नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी प्रौढांचे वाचन, लेखन व अंकज्ञान तपासते. मात्र ती साक्षरतेची कसोटी आहे, आणि डॉक्टरांसमोर स्वतःचे दुखणे सांगण्याइतके मराठी या स्त्रीला येते की नाही, हे त्या चाचणीतून कळत नाही.