नव्या एसयूव्हीतील बिघाड : कारणमीमांसा व ग्राहकहक्क

देवळा तालुक्यातील शिवाररस्ते व भावडबारी घाट यांवर नव्या एसयूव्हीचीही कसोटी लागते. खड्ड्यांच्या आघाताने सस्पेन्शनचे रबरी बुश व बॉल जॉइंट सैल झाल्यास चाकांचे अलाइनमेंट बिघडते. परिणामी स्टिअरिंग एका बाजूस ओढते व टायर विषम झिजतात. चढावर क्लच अर्धवट दाबून ठेवल्यास प्लेट जळते व इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पूर्णतः पोहोचत नाही. अशी झीज बहुधा वॉरंटीबाहेर ठरते. म्हणून वापरदोष व उत्पादनदोष यांतील भेद महत्त्वाचा होय. प्रत्येक तक्रार जॉबकार्डावर नोंदवून घ्यावी. तोच बिघाड वारंवार उद्भवल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागताना हीच नोंद पुरावा ठरते.